विद्यापीठांत ख्रिस्ताची साक्ष

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या युवकसभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं बोलण्यासाठीं आम्हांस जो विषय देण्यांत आला आहे तो असा: ज्या विद्यालयाच्या भिंतीवर क्रूस नाहीं, तेथें शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं आपली श्रद्धा इतरांपुढें कशी मांडावी? विषय देणाऱ्यांनीं आमचा पेशा शिक्षकाचा आहे एवढेंच पाहिलें असावें. आमची लायकी पाहिली असती तर तो दिला नसता. कारण या परीक्षेंत आम्ही स्वतः एकदां साफ नापास झालों आहों. आणि ती हकीकत आपल्याच माणसांपुढें एकदां सांगून टाकावी म्हणूनच आम्हीं हें निमंत्रण स्वीकारलें.

आपल्या धर्मग्रामाचा आरंभ झाला त्या काळीं आपल्या घरांतून महाविद्यालयांत जाणारीं मुलें बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. आज तसें नाहीं. कोणी सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आहे, कोणी सावंगीस आहे, कोणी नागपूर विद्यापीठांत. नागपुरास १९७५ सालीं पहिलें विश्व हिंदी संमेलन भरलें. तेथें झालेल्या ठरावाचें फळ म्हणून १९९७ सालीं आपल्या वर्ध्यासच महात्मा गांधींच्या नांवाचें केंद्रीय हिंदी विश्वविद्यालय निघालें. त्या टेकडीवर आज परप्रांतांतले व परदेशांतले विद्यार्थी राहतात. या सर्व ठिकाणीं आपला विद्यार्थी शंभरांत एखाददुसरा असतो. तेथें मिस्सा नाहीं, धर्मशिक्षणाचा तास नाहीं, आणि जी संस्था सर्वस्वीं सरकारी पैशावर चालते तेथें तसा तास असूंही नये असें आपल्या संविधानाचें २८ वें कलम सांगतें. यांत वैराची गोष्ट कांहीं नाहीं. कोणाच्याच देवाला तेथें अग्रपूजेचा मान नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. आपला मुलगा त्या दारांतून आंत जातो तो घरून मनांत जें कांहीं घेऊन निघाला असेल तेवढ्यासह.

आतां आमची हकीकत. तेव्हां आम्ही घरापासून दूर एका वसतिगृहांत राहत होतों. खोलींत आम्ही तिघे. ख्रिस्ती असे आम्ही एकटेच. आईनें निघतांना पेटींत जपमाळ ठेवली होती, ती आम्हीं उशीच्या अभ्र्यांत दडविली. रविवारीं सकाळीं मिस्सेस जातांना ‘मामाकडे जाऊन येतों’ असें सांगत असूं. त्या शहरांत आमचा मामा नव्हता. दुसऱ्या वर्षीं मित्रांनीं त्या मामाच्या प्रकृतीची चौकशी आरंभिली, तेव्हां त्यास एक दुखणेंही जडवावें लागलें. आपण हंसतां आहां. आम्हीही त्या वेळीं मनांत हंसत होतों.

त्याच वर्षीं आमच्या खोलींतील एक मित्र आठपंधरा दिवस गांवीं जाऊन परत आला. शेतकऱ्याचा मुलगा. कपाशी बुडाली होती, कर्ज फिटत नव्हतें, आणि त्याच्या वडिलांनीं आपल्याच हातानें आपल्या जीवनाचा शेवट केला होता. आपल्या वऱ्हाडांत व वर्धेच्या खोऱ्यांत हें दुःख किती घरांत शिरलें आहे तें आपणांस सांगावयास नको. तो परत आल्यावर चारपांच दिवस बोललाच नाहीं. एका रात्रीं दिवा मालविल्यावर त्यानें विचारलें, ‘तुझ्या उशींत माळ आहे ती मीं पाहिली आहे. तुम्ही लोक मेलेल्या माणसासाठीं कांहीं करतां कां? आणि जो असा गेला, त्याचें पुढें काय होतें असें तुमच्यांत सांगतात?’

बंधुभगिनींनो, आयुष्यांत इतका सरळ प्रश्न आम्हांस पुन्हां कोणीं विचारला नाहीं. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें असेंही नाहीं. दरवर्षीं नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस आपण मृतात्म्यांसाठीं मिस्सा अर्पण करतों हें आम्हीं लहानपणापासून पाहिलेलें होतें. परंतु आम्ही म्हणालों, ‘ती माळ आईनें दिली आहे, अशीच ठेवली आहे. झोप आतां.’ त्यानें कूस बदलली. पुढें तो वर्षभर त्याच खोलींत होता, पण त्यानें तो विषय पुन्हां काढला नाहीं.

आम्हांस कशाचें भय वाटलें? याचा विचार आम्हीं पुढें पुष्कळ केला. ‘धर्म बदलण्याचे किती पैसे मिळाले?’ आणि ‘तुमचें मूळचें आडनांव काय?’ हे दोन प्रश्न आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यानें ऐकलेले असतात. हे प्रश्न आकाशांतून पडलेले नाहींत. आपल्या या प्रदेशांत त्यांस इतिहास आहे. वर्धा जिल्हा मध्यप्रदेशांत होता व नागपूर त्याची राजधानी होती, त्या काळीं म्हणजे १९५४ सालीं, मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठीं सरकारनें न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिचा अहवाल १९५६ सालीं बाहेर पडला. त्या अहवालानें ख्रिस्ती माणसाच्या प्रत्येक चांगल्या कृत्यामागें हेतु शोधण्याची संवय पुष्कळांस लावली, असें आमचें मत आहे. पण संशय त्याच्याही आधींचा होता. गांधीजी १९३४ सालीं वर्ध्यास आले व १९३६ सालीं शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास गेले. त्यांस भेटण्यास मिशनरी वारंवार येत, आणि ते त्यांस तोंडावर सांगत कीं, दवाखाना आणि शाळा यांचा उपयोग माणसांस आपल्या धर्मांत ओढण्यासाठीं करूं नका. हा आक्षेप सर्वस्वीं खोटा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. ख्रिस्तसभेनेंही पुढें ७ डिसेंबर १९६५ रोजीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्याविषयींच्या जाहीरनाम्यांत, गरीब व अशिक्षित माणसांवर दडपण आणून किंवा अयोग्य रीतीनें त्यांचें मन वळवून धर्माचा प्रसार करूं नये, असें बजाविलें आहे.

गांधीजी या बाबतींत गुलाबाचा दाखला देत. गुलाब कांहीं व्याख्यान देत फिरत नाहीं. त्याचा सुगंधच त्याचा प्रचार करतो. हा दाखला फार सुंदर आहे, आणि आपल्या वसतिगृहांतील मुलांस तो अतिशय सोयीचा वाटतो! ‘आम्ही आपले चांगले वागतों, तेवढेंच पुरे’ असें म्हणून तीं मोकळीं होतात. आम्हीही तसेच मोकळे झालों होतों. परंतु माणूस म्हणजे गुलाब नव्हे. गुलाबास मध्यरात्रीं कोणी उठवून प्रश्न विचारीत नाहीं. माणसास देवानें जीभ दिली आहे, आणि संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रांत सांगतो कीं, तुमच्या आशेचें कारण जो कोणी विचारील त्यास उत्तर देण्यास नेहमीं सिद्ध असा, मात्र तें सौम्यतेनें आणि आदरानें द्या. या उपदेशाचा पूर्वार्ध विसरणारे लोक मित्राच्या मौनाचा फायदा घेऊन आपलें मौन राखतात. उत्तरार्ध विसरणारे रेल्वेच्या डब्यांत पत्रकें कोंबीत फिरतात. आपल्या मुलांत दुसरा प्रकार क्वचितच आढळतो. आपला खरा रोग पहिला आहे.

याच वर्ध्यांत हा रोग नसलेला एक ख्रिस्ती गृहस्थ होऊन गेला. डॉ. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे मूळचे तंजावरचे. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, पण त्यामुळें आपणांस त्यांचा अभिमान वाटण्यास आडकाठी येऊं नये. अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतांना त्यांनीं एका चर्चमध्यें हिंदुस्थान गरीब कां आहे या विषयावर व्याख्यान दिलें. तें वर्तमानपत्रांतून त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या दृष्टीस पडलें, आणि त्यांनींच कुमारप्पांस तो विषय अभ्यासासाठीं घ्यावयास लावला. म्हणजे पाहा, मंदिरांत जें बोलले तेंच विद्यापीठांत गेलें. मध्यें भिंत राहिली नाहीं. पुढें १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचे चिटणीस या नात्यानें ते मगनवाडींत येऊन राहिले, आणि घाणी, हातकागद, मधमाशा यांच्या उद्योगांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. ते ख्रिस्ती आहेत हें मगनवाडींत व सेवाग्रामांत सर्वांस ठाऊक होतें. स्वातंत्र्याच्या लढ्यांत तुरुंगांत असतांना त्यांनीं ख्रिस्ताच्या आचारावर आणि उपदेशावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि त्यास प्रस्तावना लिहिली ती गांधीजींनीं. ज्या गांधीजींच्या नांवानें आपण गप्प बसतों त्यांनींच एका ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यास आपले शब्द जोडले, हें आपल्या विद्यार्थ्यांनीं मगनसंग्रहालयासमोरून जातांना आठवावें.

विद्यार्थ्यानें विद्यार्थ्यास श्रद्धा कशी द्यावी याचें जें उदाहरण आम्हांस सर्वांत जवळचें वाटतें तें मात्र पॅरिसच्या एका खोलींतलें आहे. १५२९ सालीं सेंट बार्ब नांवाच्या महाविद्यालयांत तिघे जण एका खोलींत आले. पीटर फेबर हा गरीब घरचा भाविक मुलगा. फ्रान्सिस झेवियर हा नव्हारचा सरदारपुत्र, तेवीस वर्षांचा, मोठ्या पदाची आकांक्षा बाळगणारा. आणि इग्नाशियस लोयोला, वय अडतीस, लढाईंत पाय जायबंदी झालेला, लहान मुलांबरोबर लॅटिन शिकून येथपर्यंत पोहोंचलेला. फेबरचें मन लौकर वळलें. झेवियरचें वळेना. इग्नाशियसनें काय केलें? रोज उठून उपदेश केला असता तर झेवियरनें बहुधा खोली बदलली असती. झेवियरला पैशाची अडचण पडे तेव्हां त्यानें मदत केली. ही गोष्ट झेवियरनें स्वतः १५३५ सालीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत सांगितली आहे. पण तो नुसता मदत करून गप्प बसला नाहीं. मिळविलेल्या सर्व जगाचा आत्मा गमावलेल्या माणसास काय उपयोग, हा शुभवर्तमानांतील प्रश्न तो त्याच्यापुढें ठेवीत राहिला, असें परंपरा सांगते. हें काम तीनचार वर्षें चाललें. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं, मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीं, माँमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनीं व्रत घेतलें, आणि त्यांत हे तिघेही होते. त्या खोलींतून निघालेला झेवियर १५४२ सालीं गोव्यास उतरला. जानेवारी १५४४ मध्यें त्यानें कोचीनहून जें पत्र लिहिलें त्यांत म्हटलें आहे कीं, युरोपांतील विद्यापीठांत जाऊन वेड्यासारखें ओरडावें आणि तेथल्या पंडितांस जागें करावें असें मला पुष्कळदां वाटतें. आपली जुनी खोली त्यास हिंदुस्थानांतही विसरली नव्हती.

त्याच पॅरिसमध्यें तीनशें वर्षांनीं फ्रेडरिक ओझानाम नांवाचा एक विद्यार्थी वादविवाद मंडळांत ख्रिस्तसभेची बाजू मांडीत असे. एका प्रतिपक्ष्यानें त्यास विचारलें, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कामें केलीं हें खरें, पण आज तुम्ही स्वतः काय करीत आहां? ओझानाम निरुत्तर झाला. पण निरुत्तर होऊन घरीं बसला नाहीं. त्यानें व त्याच्या मित्रांनीं एप्रिल १८३३ मध्यें गरिबांच्या घरीं जाण्यास आरंभ केला, आणि त्यांतून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी निघाली. तो त्या वेळीं वीस वर्षांचा होता.

आणि त्याच वर्षीं, जूनमध्यें, आजारांतून नुकता उठलेला एक इंग्रज धर्मगुरु भूमध्य समुद्रांत वारा पडल्यामुळें अडकलेल्या जहाजावर एक प्रार्थनागीत लिहीत होता. तो जॉन हेन्री न्यूमन. पुढें १८४५ सालीं तो कॅथलिक झाला, विद्यापीठ म्हणजे काय या विषयावर त्यानें जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि २०१९ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास संतपद दिलें. त्याच्या त्या गीताचें नरसिंहराव दिवेटिया यांनीं गुजरातींत ‘प्रेमळ ज्योति’ या नांवानें रूपांतर केलें, आणि तें गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेंत गाइलें जाऊं लागलें. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील मुलें पहिल्या वर्षीं आश्रमांत शिबिरास राहतात, खादी वापरतात, सर्वधर्मप्रार्थनेस बसतात. तेथें बसलेल्या आपल्या मुलीनें, ‘हें गीत ज्यानें लिहिलें तो आमच्या ख्रिस्तसभेंतला एक संत आहे’ एवढें शेजारच्या मैत्रिणीस सांगितलें तर कोणत्या कायद्याचा भंग होतो? पण तें सांगावयास आधीं तिला तें ठाऊक पाहिजे.

येथें आम्हांस वडील मंडळींस एक कानगोष्ट सांगावयाची आहे. आपलीं मुलें प्रार्थना पाठ म्हणतात, पण ती श्रद्धा मराठींत समजावून सांगण्याची वेळ आली कीं तीं अडखळतात. कोणी धर्मशिक्षण इंग्रजींत घेतलेलें असतें, कोणाच्या घरीं मल्याळम असतें. ‘साक्रामेंत’ म्हणजे काय, असें मित्रानें विचारलें तर एका इंग्रजी शब्दास दुसरा इंग्रजी शब्द जोडून तीं मोकळीं होतात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ सालीं गोव्यास आला आणि त्यानें ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलें; तें १६१६ सालीं छापलें गेलें. ‘निरोप्या’ मासिक नगर जिल्ह्यांत केंदळ येथें १९०३ सालीं निघालें, तें फादर हेन्री डोरिंग या जर्मन धर्मगुरूनें काढलें. आपल्या चांद्याच्या धर्मप्रांतांत केरळांतून आलेले धर्मगुरु या मातीची बोली शिकून बोलत आले आहेत. परक्यांनीं एवढे श्रम केले, आणि ज्यांची ती मायबोली त्यांस तिच्यांत ख्रिस्ताचें नांव घेतांना शब्द सांपडूं नयेत, याची आम्हांस लाज वाटते. दर घरीं मराठी बायबल आहे; तें कपाटांतून मेजावर यावें.

कायद्याविषयीं थोडेंच बोलतों. संविधानाच्या २५ व्या कलमानें आपणांस आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं असें ठरविलें कीं, आपल्या धर्माचीं तत्त्वें समजावून सांगणें हा या हक्काचा भाग आहे, दुसऱ्याचें धर्मांतर करणें हा नव्हे. या निर्णयाविषयीं ख्रिस्ती जनांत पुष्कळ खेद व्यक्त झाला आहे, आणि तो अकारण नाहीं. तथापि आमच्या मतें खोलींतल्या मित्राशीं बोलतांना विद्यार्थ्यास याहून अधिक हक्काची जरुरी नाहीं. आपण सांगावें, हृदय उघडणें न उघडणें हें त्याच्या व देवाच्या मधलें काम. मात्र एक गोष्ट कटाक्षानें पाळावी. मित्रास फी भरण्यास, वह्या मिळविण्यास, आजारपणांत मदत अवश्य करावी, आणि ज्या दिवशीं मदत केली त्या दिवशीं धर्माचा शब्द काढूं नये. इग्नाशियसची गोष्ट निराळी. त्यास कोणी तांदळाचा हिशेब विचारणार नव्हता.

आणि तसें सांगितलेलें कोठें रुजतें तें सांगणाऱ्यास कळतेंच असें नाहीं. १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जाणाऱ्या गाडींत नारायण वामन टिळक यांस एका अनोळखी प्रवाशानें नव्या कराराची प्रत दिली व ती वाचावयास सांगितलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. 

आमच्या त्या मित्राचें पुढें काय झालें हें सांगून आम्ही खालीं बसतों. बारा वर्षांनीं तो आम्हांस वर्धा स्टेशनच्या फलाटावर भेटला. गाडी उशिरा होती. चहा घेतांना आम्हीं जुनी गोष्ट काढली आणि मामा खोटा होता हें कबूल केलें. तो म्हणाला, ‘तें आम्हां दोघांस तेव्हांच माहीत होतें. पण त्या रात्रीं मला वाटलें, तुमच्या धर्मांत अशा माणसासाठीं कांहींच नसावें, आणि तें सांगणें तुला जड जात असावें.’ तेव्हां आम्हीं त्यास सांगितलें. असें मरण हें ख्रिस्तसभा योग्य मानीत नाहीं. पण दुःखानें व भयानें पिचलेल्या माणसाचा दोष देव कमी मोजतो असें ती शिकविते. अशा माणसाच्या तारणाविषयीं निराश होऊं नये असें तिच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांत लिहिलेलें आहे. आणि ती त्याच्यासाठीं प्रार्थना करते. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि बराच वेळ रुळांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘हें त्या रात्रीं सांगितलें असतेंस तर आईस सांगतां आलें असतें. ती आतां नाहीं.’

तो आजही हिंदूच आहे, आणि श्राद्धाच्या दिवशीं वडिलांचें पान वाढतो. पण गाडींत चढतांना त्यानें एका चिठ्ठीवर वडिलांचें नांव लिहून दिलें. तें आपल्या धर्मग्रामाच्या नोव्हेंबरच्या यादींत दरवर्षीं असतें. पहिल्या वर्षीं तें वाचून फादरांनीं विचारलें होतें, ‘हे आपल्यांतले कोण?’ आम्हीं सांगितलें, ‘आमच्या खोलींतल्या मित्राचे वडील.’ फादरांनीं मान हलविली आणि यादी वेदीवर ठेवली.